संघटनेची पावती

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. सुरुवात 33 प्रकल्पांनी आणि 4,891 अंगणवाड्यांनी झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला जी अंगणवाडी रुजवली होती, तिचं मराठी नाव केंद्र सरकारच्या या योजनेने देशभर नेलं. मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना 150 रुपये, न झालेलीला 100 आणि मदतनीस बाईला 35 रुपये ठरले. हा पगार नव्हता, मानधन होतं. काम सरकारचं, हजेरी सरकारची, रजिस्टर सरकारचं, पण बाई मात्र गावची स्वयंसेविका, अशी ही रचना होती. पुढच्या पन्नास वर्षांत या बायकांनी जे काही मिळवलं ते या रचनेशी भांडून मिळवलं, आणि ते भांडण त्यांना एकेकटीने कधीच पेललं नसतं.

मराठवाड्यात कामगार संघटना म्हटलं की लोकांना नांदेडची उस्मानशाही मिल आठवते, लातूरच्या बाजार समितीतले हमाल आठवतात, एसटीचे चालक-वाहक आठवतात. शिरूर अनंतपाळचं नाव त्यात येत नाही. निलंगा तालुक्यातून वेगळा झालेला हा छोटा तालुका. घरणीचं पाणी, साकोळचा तलाव, सोयाबीन, तूर आणि जमेल तिथे ऊस. गिरणीचा भोंगा इथे कधी वाजला नाही. पण साकोळ, येरोळ, उजेड यांसारख्या गावांतून महिन्याच्या बैठकीला बालविकास प्रकल्प कार्यालयात येणाऱ्या बायका हा इथला मोठा संघटित कामगारवर्ग आहे, हे लक्षात घ्यायला आपण फार उशीर केला. शेतमजुराला युनियन नाही, दुकानातल्या पोराला नाही, सालगड्याला नाही. गावात युनियनची पावती ज्या घरात सापडेल ते घर बहुधा एसटीवाल्याचं, गुरुजींचं किंवा अंगणवाडीच्या बाईचं असतं.

ती पावती त्या घरात पोहोचली कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. गिरणीत हजार माणसं एका छपराखाली असतात, गेटवर सभा घेतली की काम भागतं. अंगणवाडीत दोनच बायका: एक सेविका, एक मदतनीस. पुढची अंगणवाडी दुसऱ्या गल्लीत किंवा दुसऱ्या गावात. या बायका एकत्र येण्याची जागा एकच होती आणि ती सरकारनेच दिली होती: प्रकल्पाची मासिक बैठक. अहवाल द्यायला, आहाराचा हिशेब द्यायला, पर्यवेक्षिकेची बोलणी खायला त्या तालुक्याला यायच्या. बैठक सुटल्यावर एसटीची वाट बघताना कुणाचं मानधन चार महिने थकलंय, कुणाला सरपंचाने काढून टाकायची धमकी दिली, कुणाची सही अडवली, हे एकमेकींना कळायचं. संघटनेचे कार्यकर्ते या बैठकीच्या दिवशीच यायचे. वर्गणी भरायची, पावती घ्यायची. राज्यात एकच संघटना कधी नव्हती. एम. ए. पाटील यांचा अंगणवाडी कर्मचारी संघ, सिटूशी जोडलेली, शुभा शमीम यांच्या नेतृत्वाखालची संघटना, कमल परुळेकर यांची अंगणवाडी कर्मचारी सभा, आयटकची युनियन, आणखीही काही. मोठ्या लढ्याच्या वेळी या सगळ्या कृती समितीत एकत्र येत आल्या आहेत.

या बायका कोण होत्या, हेही सांगायला हवं. नेमणुकीची पहिली अट स्थानिक रहिवासाची. विधवांना निवडीत प्राधान्य. म्हणजे ज्या बाईला गाव सोडून जाता येत नाही आणि जिच्या घरात दुसरा आधार नाही, तिच्याच वाट्याला हे काम जास्त आलं. अशा बाईने अधिकाऱ्यासमोर उभं राहून थकलेल्या मानधनाचा हिशेब मागणं ही साधी गोष्ट नाही. नेमणूक टिकवायची तर गावातल्या पुढाऱ्याची मर्जी सांभाळा, असा तो काळ होता. संघटनेचा पहिला परिणाम पैशात मोजता येत नाही. तो हा की, बाईला काढायचं तर लेखी कारण द्यावं लागू लागलं, कारण तिच्या मागे जिल्हा परिषदेत निवेदन घेऊन येणारं कुणीतरी होतं.

पैशाचा हिशेब मात्र स्पष्ट मांडता येतो. केंद्राने ठरवलेलं सेविकेचं मानधन 2002 मध्ये 500 वरून 1,000 झालं. 2008 मध्ये 1,500, एप्रिल 2011 पासून 3,000. मदतनीस 500, 750 आणि 1,500. त्यावर राज्य आपली भर घालतं, आणि राज्याची भर किती हे रस्त्यावर ठरत आलं. मधल्या काळात दोन न्यायालयीन निकालांनी या बायकांचं भवितव्य दोन दिशांना ओढलं. दोन्ही 2006 च्या डिसेंबरमधले आणि दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. 7 डिसेंबरला कर्नाटक विरुद्ध अमीरबी या खटल्यात न्यायालय म्हणालं की अंगणवाडी सेविका शासकीय पद धारण करत नाही. त्यानंतर सहा दिवसांनी, 13 डिसेंबरला, अन्नाच्या हक्काच्या खटल्यात न्यायालयाने आदेश दिला की देशात 14 लाख अंगणवाड्या उघडा, आणि एखाद्या वस्तीत 40 मुलं असतील तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्या. म्हणजे मुलाचा हक्क पक्का झाला, पण तो हक्क जिच्या हातून मुलापर्यंत पोहोचणार ती कर्मचारी नाही, असंही ठरलं. या दोन निकालांच्या मधल्या फटीत लाखो बायका उभ्या राहिल्या. त्या एकट्या राहिल्या असत्या तर अमीरबीच्या निकालाने विषय कायमचा संपला असता. न्यायालयात दार बंद झाल्यावर त्यांच्यापाशी संघटना आणि संप एवढंच उरलं.

2014 च्या सुरुवातीला राज्यात मोठा संप झाला. त्यातून निघालेली एक गोष्ट माझ्या मते मानधनवाढीपेक्षा मोठी होती. सेवा संपताना सेविकेला एकरकमी 1 लाख आणि मदतनिसेला 75 हजार रुपये मिळतील, असं ठरलं. तीस-पस्तीस वर्षं काम करून 65 व्या वर्षी रिकाम्या हाताने घरी जायचं, ही तोवरची रीत होती. 1 लाख ही रक्कम थोडकीच. पण निवृत्तीनंतर काहीतरी द्यावं लागतं, हे सरकारने पहिल्यांदा मान्य केलं, आणि पुढे ग्रॅच्युइटी आणि पेन्शनची मागणी याच पायावर उभी राहिली.

मग आला 2017 चा संप. 11 सप्टेंबरला, सोमवारी, तो सुरू झाला. सेविकेला त्या वेळी राज्यात 5,000 रुपये मिळत होते, मदतनिसेला 2,500, मिनी अंगणवाडीच्या सेविकेला 3,250. सेवाज्येष्ठतेनुसार वाढ द्या, ही मागणी मानधनवाढीसाठी नेमलेल्या समितीच्या चर्चेतून पुढे गेली होती आणि मंत्रालयात अडकली होती. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे लातूर-नांदेड पट्ट्यात सोयाबीन काढणीचा हंगाम. बाईला रोजाने हाक मारली जाण्याचे हेच दिवस. मानधन बंद, सणवार तोंडावर आणि मुंबईला आझाद मैदानावर मोर्चा. लातूरहून रात्रीच्या रेल्वेने मुंबईला जायचं, दिवसभर मैदानात बसायचं आणि रात्री परत फिरायचं, ही वाट या भागातल्या बायकांना संघटनेने दाखवली. गावाबाहेर लग्नाला जायचं तरी घरात चार जणांना विचारावं लागणाऱ्या बाईने हातात झेंडा घेऊन राजधानीत जाणं, तेही स्वतःच्या कमाईच्या प्रश्नावर! याचा घरातल्या तिच्या वजनावर काय परिणाम झाला असेल, हे ज्याने मराठवाड्यातलं घर आतून पाहिलंय त्याला सांगायला नको.

26 दिवसांनी, 6 ऑक्टोबरला, संप मिटला. सेविकेचे 5,000 चे 6,500 झाले, मदतनिसेचे 3,500, मिनी सेविकेचे 4,500. भाऊबीजेची रक्कम 1,000 वरून 2,000 झाली. दिवाळीला मिळणाऱ्या या रकमेला सरकारी कागदात आजही ‘भाऊबीज भेट’ म्हणतात. गिरणी कामगाराला बोनस मिळायचा, तो कायद्याने. अंगणवाडीच्या बाईला भावाची ओवाळणी मिळते. माणूस कर्मचारी आहे असं मान्य केलं तर बोनस द्यावा लागेल, म्हणून नातं लावलं. मला हे नातं मनापासून खटकतं. भावाने ओवाळणी टाकली म्हणून बहिणीने तिचा हिस्सा सोडावा, ही आपल्या समाजातली जुनी युक्ती आहे. सरकारने तीच वापरावी, हे वाईट.

संप मिटला तरी सरकारच्या मनातून तो गेला नव्हता. मार्च 2018 मध्ये अंगणवाडी ही अत्यावश्यक सेवा ठरवून तिला मेस्मा लावला गेला. आता संप करणं हा गुन्हा. कर्मचारी म्हणून पगार नाही, पण कर्मचारी म्हणून संपाला बंदी! विधानसभेत त्यावर मोठा गदारोळ झाला, सत्तेत सहभागी असलेल्या शिवसेनेनेही सभागृह रोखून धरलं, आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना त्याच महिन्यात मेस्माला स्थगिती द्यावी लागली. या प्रसंगाने एक गोष्ट सिद्ध केली. या बायका काम थांबवतात तेव्हा राज्याचं काहीतरी महत्त्वाचं थांबतं, याची कबुली सरकारने स्वतः लेखी दिली.

आणि ते खरंही होतं. अंगणवाडी बंद म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा गरम ताजा आहार बंद, वजनं बंद, गरोदर बाईची नोंद बंद. ज्या पोराला दिवसातला एक पोटभर घास अंगणवाडीत मिळतो, त्याच्या तोंडचा तो संपात जातो. संघटनेचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं बरोबर नाही. सेविकांनाही ते ठाऊक असतं. पोर त्यांच्याच गल्लीतलं, त्याची आई रोज पाणी भरताना भेटणारी. शहरातल्या संपाचा त्रास अनोळखी माणसाला होतो, अंगणवाडीच्या संपाचा त्रास शेजारणीला. म्हणून या बायका संपाला लवकर तयार होत नाहीत, निवेदनं देतात, धरणं धरतात, काळ्या फिती लावतात. ऑगस्ट 2021 मध्ये तर त्यांनी काम न थांबवता सरकारने दिलेले मोबाईलच परत केले. फोन तापत होते, अडकत होते, दुरुस्तीचा खर्च बाईच्या माथी येत होता, आणि ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप इंग्रजीत होतं. सातवी-दहावी शिकलेल्या बाईने इंग्रजीत माहिती भरायची आणि चुकली की तिचं मानधन कापायचं! मोबाईल वापसीचं ते आंदोलन या सगळ्या इतिहासातलं मला सर्वांत शहाणं आंदोलन वाटतं. पोरांचा घास थांबला नाही आणि सरकारला मात्र उत्तर द्यावं लागलं.

25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयातून दुसरी दिशा उघडली. न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने गुजरातमधल्या मणिबेन भारिया यांच्या खटल्यात निकाल दिला की 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना लागू होतो. न्यायमूर्ती ओक मूळचे ठाण्याचे. त्यांनी आपल्या निकालपत्रात 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याकडे बोट दाखवलं: या कायद्याने अंगणवाडीवर वैधानिक जबाबदाऱ्या टाकल्या आहेत, तेव्हा हे अर्धवेळ हौसेचं काम म्हणता येणार नाही. अमीरबीचा निकाल रद्द झाला नाही, पण त्याच्या भिंतीला दार पडलं. हा खटला चालवायला पैसे, वकील आणि वर्षानुवर्षांची चिकाटी लागते. एकटी मदतनीस हे कुठून आणणार? खटला गुजरातचा असला तरी त्याच्यामागे संघटित बायका होत्या, आणि त्याचा लाभ शिरूर अनंतपाळच्या मदतनिसेलाही मागता येतो.

हा निकाल हातात घेऊनच 2023 चे दोन संप झाले. 20 ते 28 फेब्रुवारीचा पहिला. त्यानंतरच्या अर्थसंकल्पात सेविका 8,325 वरून 10,000, मिनी सेविका 5,975 वरून 7,200 आणि मदतनीस 4,425 वरून 5,500 अशी वाढ जाहीर झाली. पण ग्रॅच्युइटी आणि पेन्शनवर नुसती आश्वासनं. म्हणून 4 डिसेंबर 2023 पासून बेमुदत संप. मागणी सेविकेला 26,000, मदतनिसेला 20,000, ग्रॅच्युइटी आणि दरमहा पेन्शन. राज्यात त्या वेळी 97,475 मोठ्या आणि 13,011 मिनी अंगणवाड्या होत्या, कर्मचारी दोन लाखांच्या घरात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चा झाला, जिल्ह्याजिल्ह्यांत जेलभरो झाला. सरकारने सेवासमाप्तीच्या नोटिसा काढल्या. नोटीस गावात येते तेव्हा ती एकट्या बाईच्या नावाने येते. घरातले विचारतात, आहे ते पण घालवणार का? याच वेळी पावतीची किंमत कळते. नोटिसा सगळ्याजणींना आल्या, आणि बहुतेकींनी त्या बाजूला ठेवल्या. शिरूर अनंतपाळ तालुक्यात उजेडला जानेवारीत महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. ज्या मातीत गांधींची यात्रा भरते तिथल्या बायकांना शांतपणे ‘नाही’ म्हणणं काय असतं, हे वेगळं शिकवावं लागलं नसावं.

52 दिवस हा संप चालला. 25 जानेवारी 2024 ला मिटला तेव्हा हातात 26,000 नव्हते. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचे प्रस्ताव तयार करू, मानधनात वाढ करू, कारवाया मागे घेऊ, असं ठरलं. अनेकींना तो पराभव वाटला. दोन महिन्यांचं मानधन बुडालेलं, उधारी झालेली. पण त्याच वर्षी विधानसभेच्या निवडणुकीआधी सेविकेला 3,000 आणि मदतनिसेला 2,000 अशी वाढ झाली: 13,000 आणि 7,500, शिवाय कामगिरीवर प्रोत्साहन भत्ता. निवडणूक होती म्हणून वाढ झाली, असं म्हणणारे आहेत. त्यांच्याशी मी निम्मा सहमत आहे. निवडणूक सगळ्यांसाठीच होती. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईसाठीही होती.

त्या बाईकडे जरा पाहा. अंगणवाडी आणि शाळा बहुतेक गावांत एकाच आवारात किंवा हाकेच्या अंतरावर. शाळेतली स्वयंपाकीण सकाळी तांदूळ निवडते, चुलीवर शंभर पोरांची खिचडी टाकते, भांडी घासते. केंद्राने तिचं मानधन 2009 पासून 1,000 रुपयांवर ठेवलेलं आहे. राज्याने भर घालून ते 2023 मध्ये 2,500 केलं. तेही वर्षातले दहा महिने. तिच्याही संघटना आहेत, कार्यकर्ते झटतात. पण तिची नेमणूक शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात, दर वर्षी तिला बदलता येतं, तालुक्याला तिची मासिक बैठक होत नाही, आणि तिने चूल पेटवली नाही तर दुसरी बाई उभी करता येते. कामाचे तास आणि जबाबदारी वेगळी आहे, हे मान्य. तरी मदतनिसेचे 7,500 आणि स्वयंपाकिणीचे 2,500 यांतलं अंतर नुसत्या कामाचं नाही. एकीला एकत्र येण्याची जागा मिळाली आणि ती टिकवता आली, दुसरीला मिळाली नाही. सभासदत्वाचा परिणाम काय, असं कुणी विचारलं तर मी त्याला एकाच आवारातल्या या दोन बायकांकडे बोट दाखवीन.

संघटनांच्या उणिवा मी लपवणार नाही. एका तालुक्यात दोन-तीन संघटनांच्या पावत्या फिरतात आणि एकीचा संप दुसरीला कळवावा लागतो. जिच्या नावाने लढा सुरू होतो त्या मदतनिसेचा आवाज सभेत सेविकेपेक्षा दबलेला असतो. व्यासपीठावर ती क्वचित दिसते आणि वाढीच्या आकड्यात दर वेळी मागे राहते. 1975 मध्ये 35 रुपये घेणारी मदतनीस आज सेविकेच्या निम्म्याहून थोडं जास्त घेते, हे सुधारलं आहे, पण तिला आजही किमान वेतनाचा कायदा लागू नाही. 2013 च्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली होती की योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या. त्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार तिघेही बसलेले असतात. शिफारस एकमताची होती. अंमल झाला नाही.

राज्याने आपला भार उचलला, संप झाले म्हणून उचलला, पण उचलला. दिल्लीचा हिशेब वेगळा आहे. सप्टेंबर 2018 मध्ये पंतप्रधानांनी सेविकेचं केंद्रीय मानधन 3,000 वरून 4,500 आणि मदतनिसेचं 1,500 वरून 2,250 केल्याची घोषणा केली. ते 1 ऑक्टोबर 2018 पासून लागू झालं. त्यातला 60 टक्के वाटा केंद्र देतं, म्हणजे सेविकेमागे महिना 2,700 रुपये. 2025 सालीही हा आकडा तोच होता.